माझ्यावर दावा ठोकणाऱ्या अण्णांना

अण्णा, तुम्हाला बसवूनच नेलं. तुम्हा लिंगायतांत तशी रीत असते हे ऐकून होते, पण पाहिलं पहिल्यांदाच. कपाळभर विभूती, मांडी घातलेली, मान किंचित पुढं. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचं आणि मग ते मुळापासून खोडायचं, त्याआधी तुम्ही असेच बसायचात. मातीत उतरवेपर्यंत मला वाटत होतं, आता डोळे उघडाल आणि म्हणाल, "तसं न्हाई तंगी, हितं तुझं चुकतंय."

माझ्या मागं दोन बायका कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "ही तीच की, जिच्यावर अण्णांनी केस घातली हुती." दुसरी म्हणाली, "मग ही कशाला रडायलीय?"

चार वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे. तरी पुन्हा तुम्हालाच सांगत बसले आहे, कारण गेल्या काही वर्षांत काहीही झालं की ते तुम्हाला सांगायची सवय लागली आहे, आणि ती अशी एकदम सुटायची नाही.

तुमची माझी पहिली ओळख बेलिफानं करून दिली. आमच्या साखर पेठेतल्या घरामागच्या खोलीत मी प्रेसचा डाय, म्हणजे पोलादी साचा, घासत बसले होते. दारात खाकी कपड्यांतला माणूस आला आणि विचारलं, "मालक कुठायत?" मी म्हटलं, "मीच." त्यानं माझ्याकडं बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं, परत विचारलं, "कारखान्याचे मालक?" मी हात पुसून सही केली. कागद उघडला तर वादी म्हणून तुमचं नाव आणि प्रतिवादी म्हणून माझं. मी तुमच्या पेटंट असलेल्या कनेक्टरची नक्कल करून तो विकते, असा तुमचा दावा होता.

माझे वडील, नायना, मागावरून उठून आले. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचायला फारसं जमायचं नाही. मी वाचून दाखवत होते, ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच शब्द विचारला, "दोंगा?" तेलुगूत दोंगा म्हणजे चोर. मी म्हटलं, "नाही नायना, तसं नाही लिहिलेलं." पण लिहिलेलं तसंच होतं.

मी तुम्हाला नावानं ओळखत होते. होटगी रोडला तुमचा कारखाना आहे, मिलमधली फिटरची नोकरी सोडून तुम्ही तो काढलात, एवढं ऐकून होते. तुम्ही मला मुळीच ओळखत नव्हता. आणि तरी आपण दोघं कितीतरी वर्षं एकाच गोष्टीशी झगडत होतो, हे नंतर कळलं. आपलं गाव मागाचं. सूत तुटलं की माग आपोआप थांबवणारी विजेची जोडणी तेव्हा नवी नवी येत होती, आणि मागाच्या हादऱ्यानं तिचे प्लग सैल होऊन गळून पडायचे. बी.एस्सी. झाल्यावर शाळेत शिकवायचं सोडून मी नायनांच्या चार मागांसाठी न गळणारा प्लग करत बसले. तुम्ही मिलमधल्या मागांसाठी तेच करत होता. मग हैदराबादला कॉम्प्युटर जोडणाऱ्या एका कारखान्याला तसलीच अडचण आली. त्यांच्या यंत्राचं एकेक कपाट ट्रकमधून जायचं, आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी दोन कपाटांमधल्या तारांचे सांधे ढिले व्हायचे. एका सांध्यात पन्नासेक पिना. त्यातली एक जरी हलली तरी यंत्र भलतंच उत्तर द्यायचं. त्यांनी मागणी काढली. आधी तुम्ही माल दिलात, वर्षभरानं मी दिला. माप त्यांनीच ठरवून दिलेलं, म्हणून दोघांच्या कनेक्टरच्या डब्या बाहेरून जुळ्या दिसायच्या.

तुम्ही हैदराबादला खरेदी खात्याच्या टेबलावर माझी डबी बघितलीत. तिच्यावर 'सोलापूर' लिहिलेलं होतं आणि ती तुमची नव्हती. तुमच्या डोक्यात तिडीक गेली. परत येऊन तुम्ही थेट वकिलाकडं गेलात.

कोर्टानं निकाल लागेपर्यंत मला माल करायला मनाई केली. पत्रा ठोकून कापायची आमची फ्लायप्रेस गप्प झाली. मागांचा आवाज चालूच होता, पण त्या आवाजात आमच्या प्रेसचा ठोका नाही, हे मला जेवताना, झोपताना ऐकू यायचं. नायना सकाळी भवानी पेठेत हॉटेलात जाऊन तासभर बसायचे, ते बसायचे बंद झाले. कुणी काही बोललं का, असं विचारलं तर म्हणायचे, "चहा चांगला नाही देत तो आता." मी तुमचा किती राग केला ते सांगत नाही. तुम्हाला ते माहीत होतं, कारण पुढं मीच तुम्हाला एकदा सांगितलं होतं आणि तुम्ही पोट धरून हसला होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही दिसायचात. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी बारीक स्क्रूड्रायव्हर. माझ्याकडं तुम्ही एकदाही बघितलं नाही. मी मात्र तुमच्याकडं बघून घ्यायची. मनात म्हणायची, हा माणूस मला ओळखत नाही, माझी डबी उघडून बघत नाही, आणि मला चोर म्हणतो.

मग तुमच्या साक्षीचा दिवस आला.

माझे वकील काझीसाहेब. त्यांचं बोलणं मऊ, पण उलटतपासणी सुरू झाली की समोरच्याला घाम फुटायचा. तुम्हाला मात्र फुटला नाही. ते विचारत होते, तुम्ही सांगत होता. तुमचं पेटंट कशाचं? "सॉकेटच्या आत ब्राँझची बारीक कमान हाय साहेब. दोन्ही टोकं बसलेली. पिन आत गेली की कमान तिला दाबून धरती. माग हलूद्या, ट्रक हलूद्या, पिन हलत न्हाई." काझीसाहेबांनी विचारलं, म्हणजे तुमचा हक्क कशावर? प्लगवर? डबीवर? "न्हाई. त्या कमानीवर. बाकी कुणीबी कसाबी प्लग करूदे की, माझं काय म्हणणं न्हाई." तुमचे वकील खुर्चीत चुळबुळले. हेच वाक्य पुढं तुमच्यावर उलटणार होतं, पण ते तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

काझीसाहेबांनी माझी डबी तुमच्या हातात दिली. "प्रतिवादीचा हा माल तुम्ही आत उघडून पाहिला आहे?"

तुम्ही म्हणालात, "न्हाई. मुंबईच्या तज्ज्ञानं बघितलाय. त्याचा रिपोर्ट लावलाय."

"आत्ता पाहायचाय?"

तुमचे वकील उठून हरकत घ्यायला लागले. न्यायाधीशांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खिशातून स्क्रूड्रायव्हर काढलात, चष्मा लावलात आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर डबी ठेवून एकेक स्क्रू सोडवलात. सगळं कोर्ट थांबलं. तुम्ही आतली नळी नखानं उचलली, खिडकीच्या उजेडाकडं धरली. बाहेरची कडी फिरवलीत, मग उलटी फिरवलीत, मग परत फिरवलीत. त्या वेळी मी तुमचा चेहरा बघत होते अण्णा, आणि तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. हरणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. एखाद्यानं आवडीचं कोडं अचानक दुसऱ्याच्या हातून सुटलेलं बघावं, तसं काहीतरी होतं त्यात.

काझीसाहेबांनी विचारलं, "तुमची कमान सापडली?"

"न्हाई साहेब," तुम्ही म्हणालात. "हितं कमानच न्हाई. नळीला चिरा हायती. पिन आत जाताना नळी सैल असती, मग बाहेरनं कडी फिरवली की नळी पीळ खाती आन् पिनंला धरती. मी दाबतो, ही बाई पिळती. दाबणं येगळं, पीळ येगळा." मग तुम्ही न्यायाधीशांना म्हणालात, "हे माझं न्हाई. हे हिचं स्वतःचं हाय. आन् चांगलं हाय."

तुमचे वकील उठून म्हणाले की साक्षीदार गोंधळलेला आहे, प्रश्न त्याला समजला नाही. तुम्ही त्यांच्याकडं वळून म्हणालात, "समजला की. उत्तर तुमाला नको हाय, ती गोष्ट निराळी."

दावा तुम्ही तिथल्या तिथं काढून घेतलात. मी कोर्टाबाहेर येऊन पायरीवर बसले. काझीसाहेब म्हणाले, "बेटी, जिंकलीस." मला ते जिंकणं वाटत नव्हतं. माझ्या हातून काही झालंच नव्हतं. एका माणसानं पिंजऱ्यात उभं राहून माझी डबी उघडली होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. तुमच्या पत्नी गौराक्का बरोबर होत्या. मी पुढं झाले तर तुम्ही मला हातानंच थांबवलंत आणि सरळ मागापाशी नायनांसमोर जाऊन उभे राहिलात. नायनांनी माग थांबवला. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "तुमच्या पोरीला मी चार माणसांत चोर म्हणलो. चार माणसांत माघार घेतली. पण तुमाला येऊन सांगितल्याबिगर ती पुरी हुईत न्हाई." नायना मागावरून उठले. ते म्हणाले, "बसा. चहा घ्या." मग माझ्याकडं वळून तेलुगूत म्हणाले की आलं जास्त घाल. चहा झाल्यावर ते तुम्हाला घेऊन भवानी पेठेतल्या हॉटेलात गेले आणि तिथं पुन्हा चहा प्यायला लावला. सगळ्यांच्या देखत. नायनांचा हिशेब असाच साधा असायचा.

त्या दिवसापासून मी तुमची तंगी झाले. पहिल्यांदा तुम्ही हाक मारलीत तेव्हा मला वाटलं, टोमणा मारताय. मराठीत तंगी म्हणजे टंचाई. गौराक्का हसून म्हणाल्या, "अगं, कानडीत तंगी म्हंजे धाकटी बहीण." मी म्हटलं, "सोलापुरात दोन्ही अर्थांनी चालेल."

तुम्ही आलात की आधी प्रेसपाशी जायचात. माझी नळी फार वेळा पिळली की चिरेच्या टोकाला तडकते, हे तुम्हीच दाखवून दिलंत. चिरेच्या टोकाला बारीक गोल भोक पाडायला सांगितलंत. मी पाडलं आणि तडकणं थांबलं. मी चिडवलं, "अण्णा, ह्या भोकाचं पेटंट घ्या. नाहीतर उद्या माझ्यावर पुन्हा दावा लावाल." तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "दिलं ते दिलं. ते आता तुझं."

आणि इथूनच आपला वाद सुरू व्हायचा. जो माणूस एवढं हातावर ठेवून देतो तो पेटंटसाठी कोर्टात का जातो, हे मला कधी समजलं नाही. मी म्हणायची, आमच्याकडं चादरीवर नवी नक्षी निघाली की आठवड्यात शेजारच्या गल्लीत विणली जाते. नायनांची मोराची नक्षी आज अर्धं सोलापूर विणतं. नायनांनी कुणावर केस केली का? उलट दुसऱ्याच्या मागावर ती दिसली की ते उभं राहून बघतात, कुठं सुधारली का म्हणून. डोक्यातली गोष्ट कुणाच्या मालकीची कशी असेल?

तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "तुझ्या नायनाची नक्षी चादरीवर हाय. येणारा जाणारा बघतो, म्हणतो, हा मोर त्या म्हाताऱ्याचा. माझी कमान आत हाय. ती कुणाला दिसती? जी दिसती तिला नाव आपसूक मिळतं. जी दिसत न्हाई तिला कागद लागतो, तंगी."

मी म्हणायची, "नाव कशाला पाहिजे?" तुम्ही म्हणायचात, "तू बाई तुझ्या डबीवर नाव का कोरतीस मग?" मला ते पटायचं नाही. दर खेपेला हेच. गौराक्का म्हणायच्या की तुम्हा दोघांचं बोलणं त्यांना पाठ झालंय, पुढच्या खेपेला त्या दोन्हीकडून बोलतील आणि आपण आपलं काम करावं.

हैदराबादला गेलो होतो ते आठवतं? त्या कारखान्यानं आपल्या दोघांना बोलावलं होतं. जे सांधे वारंवार काढघाल करायचे तिथं तुमची कमान, जे एकदा बसवून विसरायचे तिथं माझा पीळ, असं त्यांनी ठरवलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायला लावल्या. आत थंडगार. भिंतीला लावून उभी कपाटं, दिवे लुकलुकणारे. तुम्ही बरोबरच्या तरुण इंजिनिअरला विचारलंत, "माझी कमान कुटं हाय?" तो म्हणाला, "आत आहे, काका. पाठीमागं. दाखवायची तर सगळं बंद करावं लागेल." तुम्ही विचारलंत, "कशी चाललीय?" तो जरा आठवून म्हणाला, "त्या प्लगची तक्रार आलेली नाही, त्यामुळं कुणी लक्षातच ठेवत नाही तो." मला वाटलं तुम्हाला लागेल. तुम्ही कपाटाच्या पत्र्यावर हात ठेवून उभे होता आणि चेहराभर आनंद होता. बाहेर आल्यावर माझ्याकडं बघून म्हणालात, "बघ. मी म्हणत हुतो का न्हाई?" माझ्या बाजूचा तो पुरावा होता की तुमच्या, यावर आपण गाडीत वाडी स्टेशनापर्यंत भांडलो.

त्यानंतर मुंबईची ती मोठी कंपनी आली. त्यांनी बाजारात आणलेला कनेक्टर तुम्ही आता पहिल्याच दिवशी उघडलात. आत तुमची कमान होती. तीच जाडी, तोच बाक. फरक एवढाच की कमानीच्या मधोमध त्यांनी एक बारीक काप घातला होता. तुम्ही तो कनेक्टर माझ्याकडं आणलात आणि म्हणालात, "तू बघ. मला आता माझ्या रागाचा भरवसा न्हाई." मी आठ दिवस तो ठेवून घेतला. पिना घातल्या, काढल्या, मागाला बांधून हलवला. त्या कापाचा काहीही उपयोग नव्हता. तो फक्त वेगळं दिसण्यासाठी होता. मी तसं सांगितलं. तुम्ही दावा लावलात.

त्यांचा वकील मुंबईहून आला. त्याच्या हातात तुमचीच जुनी जबानी होती. त्यानं वाचून दाखवलं: माझा हक्क कमानीवर, दोन्ही टोकं बसलेल्या कमानीवर, बाकी कुणी कसाही प्लग करू दे. मग म्हणाला, आमच्या पट्टीत काप आहे, म्हणजे ती एक कमान नव्हेच, एकेका टोकाला बसलेल्या दोन पट्ट्या आहेत. वादीनं स्वतःच शपथेवर सांगितलेल्या हक्कात आम्ही बसत नाही. म्हणजे मला वाचवणारं वाक्यच त्यांनी तुमच्यावर धरलं.

तुमच्या वकिलांच्या कचेरीत मीही होते. ते म्हणाले, "सोपं आहे. एक प्रतिज्ञापत्र करू. त्या दिवशी तब्येत बरी नव्हती, उलटतपासणीच्या दडपणाखाली बोललो, अर्थ नीट कळला नव्हता. तुमच्या वयाकडं बघून कोर्ट ऐकेल."

तुम्ही विचारलंत, "मग त्या दिवशीचं सगळंच खोटं ठरंल न्हवं?"

"सगळं नाही. तेवढंच वाक्य."

"वाक्य कसं सुटं करणार वकीलसाहेब? त्याच तोंडानं मी हिला खरी म्हणलो." तुम्ही माझ्याकडं बोट दाखवलंत. "तब्येत चांगली हुती माझी. सकाळी दोन भाकरी खाऊन गेलो हुतो."

मी मध्ये पडले. म्हटलं, "अण्णा, माझा विचार करू नका. माझी केस मिटून गेलीय. मला कुणी काही म्हणणार नाही."

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवलात. "तुझ्यासाठी करतोय असं कोण म्हणलं? जे हाय ते हाय. कमान माझी हाय हे मी शपथेवर सांगणार. मग तीच शपथ मागच्या खेपेला खोटी हुती म्हणून सांगू? कोण इस्वास ठेवील?"

मुंबईच्या कंपनीवर कोर्टानं मनाई घातली नाही. त्यांचा माल चालू राहिला. तुमची हैदराबादची मागणी निम्म्यावर आली. वर त्यांनी तुमचं पेटंटच रद्द करा असा उलटा दावा घातला, त्यामुळं कायद्याप्रमाणं सगळं प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेलं. तुम्ही दोनदा जाऊन आलात. दोन्ही वेळा तारीख पडली. परत आलात की मला सांगायचात, तिथल्या उपाहारगृहात डोसा किती वाईट मिळतो ते. कोर्टाबद्दल अक्षर नाही.

एकदाच मी तुम्हाला विचारलं, त्या पहिल्या वेळी माझी डबी आधी उघडून का नाही बघितली? मुंबईच्या तज्ज्ञाकडून मागवता आली असती की. तुम्ही प्रेसचं हँडल एकदा फिरवलंत. मग म्हणालात, "बघायची न्हवती मला. बाहेरनं ती इतकी नीट केलेली हुती. आत माझ्यापेक्षा चांगलं काय निघालं तर, असं भ्या वाटलं." एवढं बोलून तुम्ही निघून गेलात. जी भीती तुम्ही वर्षभर झाकून ठेवली होती, ती पिंजऱ्यात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं स्क्रू सोडवून उघडलीत, आणि आत खरंच चांगलं निघालं तेव्हा ते मोठ्यानं सांगितलंत. मी असं करू शकले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. तुमच्याइतक्या सहज तर नाहीच.

तुम्ही गेलात ती दुपार साधीच होती. जेवलात, जरा पडतो म्हणालात. गौराक्का प्रेसवर होत्या. चहाला उठवायला गेल्या तर तुम्ही उठला नाहीत. निरोप आला तेव्हा मी नायनांना घेऊन रिक्षानं निघाले. तुमच्या दारात पोचल्यावर त्यांनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, आणि कुठं ठेवायच्या ते न कळून तसेच उभे राहिले.

तुमचा विधी झाल्यावर चार दिवसांनी मुंबईच्या कंपनीचा माणूस गौराक्कांकडं आला. सभ्य माणूस, हार घेऊन आला होता. म्हणाला, बाई, आता वारस म्हणून कोर्टात तुमचं नाव लावायचं, मुंबईच्या खेपा घालायच्या, या वयात कशाला? तडजोड करू. आम्ही आमचा दावा मागं घेतो, तुम्ही तुमचा घ्या, आणि कंपनी तुम्हाला चांगली रक्कम देईल. फक्त एका कागदावर सही हवी, की असली कमान या धंद्यात आधीपासूनच वापरात होती, ती कुणा एकाची नव्हती.

गौराक्कांनी मला बोलावून घेतलं. तुमच्या फोटोखाली बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू सांग. तू तर पेटंटच्या इरुद्ध हाईस. तुझ्या मनासारखंच लिवून आणलंय त्येनं. कुणा एकाची न्हाई म्हणून."

मी कागद वाचला. खरंच, ओळ माझ्या तोंडची वाटत होती. इतक्या दिवसांत मी तुम्हाला हेच तर सांगत आले होते. पण त्या कागदावर ती वाचून मी तो खाली ठेवला. मी म्हणत होते की डोक्यातली गोष्ट सगळ्यांची असावी. ती तुमच्या डोक्यातून निघालीच नाही, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. नायनांचा मोर सगळे विणतात, पण तो नायनांचा नाही असं कुणी म्हणत नाही.

मी विचारलं, "गौराक्का, तुम्हाला काय वाटतं?"

त्या म्हणाल्या, "मला कायदा कळत न्हाई. पहिली कमान ह्येंनी कानसीनं घासली तवा मी पट्टी धरून बसले हुते. एकवीस बिघडल्या, बाविसावी बसली. आन् मग मी लहान पोरीवानी टाळी वाजिवली. ते हुतंच आधीपासून म्हणून मी सही करू?"

"हरण्याची शक्यता जास्त आहे," मी म्हटलं. "वकिलानं सांगायच्या आधी मीच सांगते. पैसे घेतलेत तर कुणी नाव ठेवणार नाही. मी तर मुळीच नाही."

"हरू की," गौराक्का म्हणाल्या. "हे काय कधी जिंकले हुते?" आणि पहिल्यांदाच त्या दिवसांत आम्ही दोघी हसलो, मग दोघींनाही रडू फुटलं.

काल काझीसाहेबांकडं जाऊन आलो. तुमच्या वकिलांनी प्रकरण सोडलं आहे, ते कंटाळले. काझीसाहेब म्हणाले, "बहेनजी, मी त्यांना पिंजऱ्यात प्रश्न विचारला होता. तसा साक्षीदार मला पुन्हा भेटला नाही. आता त्यांच्या बाजूनं उभं राहायला मिळतंय, तर मी सोडतो की काय?" गौराक्कांनी वारस म्हणून अर्जावर सही केली, कानडीत. आणि साक्षीदारांत माझं नाव घातलं आहे.

तेव्हा आता मुंबईला पिंजऱ्यात मी उभी राहणार आहे, अण्णा. समोरचा वकील विचारणार, वादीनं तुमच्यावरच दावा केला होता ना, मग आज त्याच्या बाजूनं कशा? पेटंट तुम्हाला मान्य आहे का? मी खरं तेच सांगेन. मला अजूनही मान्य नाही. विचार कुंपण घालून ठेवू नये असंच मला वाटतं. या बाबतीत तुम्ही हट्टी होता आणि तुमचं चुकत होतं, आणि हे ऐकून तुम्ही ज्या तऱ्हेनं मान हलवली असती तीही मला दिसते आहे. तुम्ही असता तर आपण यावर आणखी वीस वर्षं भांडलो असतो, आणि मला ती वीस वर्षं हवी होती.

पण ते विचारतील की ही कमान कुणाची, तेव्हा मी उजेडाकडं धरून नीट बघेन, आणि म्हणेन, ही मल्लिनाथअण्णांची आहे.